कॅरोटिड स्टेंटिंग : धोके कुठे असतात आणि घरच्यांनी काय सांभाळायचे

‘मानेतल्या शिरेत ब्लॉकेज आहे, स्टेंट घालावा लागेल,’ असे डॉक्टरांनी सांगितले की घरात पहिला प्रश्न निघतो तो खर्चाचा आणि दुसरा, ‘हार्टमध्ये घालतात तसाच ना?’ असा. साधन, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी, साधारण तसेच असले तरी धोका वेगळा असतो. कॅरोटिड धमनी थेट मेंदूकडे जाते आणि तिच्यातून सुटलेला बाजरीच्या दाण्याहून लहान कणही बोलणे, हात किंवा दृष्टी हिरावून नेऊ शकतो. शिवाय हा उपचार मेंदूचा पुढचा झटका (स्ट्रोक) टाळण्यासाठी असतो, त्यामुळे टेबलावर झोपणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या पायांनी चालत आलेला असतो. म्हणूनच फायदा किती आणि जोखीम किती, हा हिशेब आधीच मांडून घ्यायला हवा.

मी मुंबईतील एका रुग्णालयाच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करण्याच्या खोलीत, आणि नंतर तिथल्याच अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. त्या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की, कॅथलॅबमधल्या तासाभरात सगळेच डोळ्यांत तेल घालून उभे असतात. टाळता येण्याजोग्या चुका होतात त्या आधीच्या आठवड्यात आणि नंतरच्या महिन्यात, आणि त्या काळात रुग्णाजवळ घरचीच माणसे असतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. यातील कोणतीही गोळी किंवा आकडा आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लागू करू नये.

पहिली पायरी : स्टेंटची गरज खरोखर आहे का, हे तपासा

जबड्याच्या खाली, मानेच्या बाजूला जिथे नाडीचे ठोके लागतात, तिथे कॅरोटिड धमनीला दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे जातो आणि दुसरा मेंदूकडे. चरबीचा आणि चुन्याचा (कॅल्शियमचा) थर साचतो तो बहुधा फाटे फुटतात त्याच जागी. या थरामुळे मेंदूला रक्त कमी पडते म्हणून झटका येतो, असा समज आहे; प्रत्यक्षात बहुतेक वेळा थर फुटून त्याचे कण किंवा त्यावर जमलेली रक्ताची गुठळी वर वाहून जाते आणि मेंदूतली एखादी बारीक वाहिनी बंद पाडते.

म्हणून डॉक्टर पहिल्यांदा विचारतात की, गेल्या सहा महिन्यांत काही लक्षण दिसले होते का. एका बाजूचा हात अचानक लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, शब्द न सुचणे किंवा जीभ जड होणे, एका डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखा काही मिनिटे अंधार येणे, ही ती लक्षणे. पाच-दहा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले तरी ते लक्षणच धरायचे. हातापायांचा त्रास अडथळ्याच्या विरुद्ध बाजूला होतो, डोळ्याचा मात्र त्याच बाजूला. रिपोर्टमध्ये डावीकडचा अडथळा लिहिला असेल आणि त्रास डाव्याच हाताला झाला असेल, तर त्या दोन्हींचा संबंध आहे का, हे विचारलेच पाहिजे.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करते, कारण मुंबईत ती फार घडताना दिसते. नुसती चक्कर येणे हे कॅरोटिडच्या अडथळ्याचे लक्षण सहसा नसते. तरीही चक्कर येते म्हणून किंवा वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये आहे म्हणून मानेचा डॉप्लर (धमनीतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) होतो, त्यात ५० टक्के अडथळा निघतो आणि घर हादरते. लक्षण नसताना एवढ्या अडथळ्याला स्टेंट लागत नाही. त्याला गोळ्या, रक्तदाब आणि साखरेवर ताबा आणि तंबाखू बंद करणे हाच उपचार आहे. उलट अडथळा पूर्ण १०० टक्के झाला असेल आणि धमनी जुनीच बंद असेल, तर ती साधारणपणे उघडायला जात नाहीत.

लक्षणे आलेल्या रुग्णांचे गणित वेगळे आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नॅसेट’ या अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासात ७० ते ९९ टक्के अडथळा असलेल्यांपैकी केवळ औषधांवर ठेवलेल्या २६ टक्के रुग्णांना दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका आला, तर मान उघडून थर काढण्याची शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. त्याच अभ्यासाच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या निकालांत ५० ते ६९ टक्के अडथळ्यात फायदा बेताचा होता आणि ५० टक्क्यांच्या खाली नव्हता. तेव्हाची औषधे आजच्यापेक्षा कमकुवत होती, हे खरे. तरी तीव्र अडथळा आणि ताजे लक्षण एकत्र असतील तर चालढकल परवडत नाही, कारण पुढचा झटका येण्याची शक्यता पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असते.

निर्णय केवळ डॉप्लरवर घेऊ नये. सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीने अडथळा पडताळला जातो, आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीची कमान किती वळलेली आहे व चुना किती साचला आहे, हेही त्यातच दिसते. पुढच्या पायरीसाठी ही माहिती लागते.

दुसरी पायरी : स्टेंट की शस्त्रक्रिया, हा प्रश्न मोकळेपणाने विचारा

मान उघडून थर खरवडून काढण्याच्या शस्त्रक्रियेला एंडार्टरेक्टॉमी म्हणतात आणि ती १९५०च्या दशकापासून होत आहे. स्टेंटमध्ये मानेवर चीर नसते म्हणून तो आपोआपच सुरक्षित, असे अनेकांना वाटते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रेस्ट’ अभ्यासात २,५०२ रुग्णांची तुलना केली गेली. उपचाराच्या सुमारास मेंदूचा झटका स्टेंट घेतलेल्यांत ४.१ टक्क्यांना आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत २.३ टक्क्यांना आला. हृदयविकाराचा झटका मात्र उलट, स्टेंटमध्ये १.१ टक्के आणि शस्त्रक्रियेत २.३ टक्के. चेहरा, जीभ किंवा आवाजाच्या नसांना इजा होणे हा शस्त्रक्रियेचा खास धोका असून स्टेंटमध्ये तो जवळजवळ नसतो. वयाचा परिणामही ठळक होता : साधारण सत्तरीच्या आतल्यांना स्टेंट चांगला मानवला, त्यापुढच्यांना शस्त्रक्रिया.

वय वाढले की असे का होते, याचे कारण समजण्यासारखे आहे. म्हाताऱ्या माणसाची महाधमनी लांबते, वळते आणि आतून खरबरीत होते. जांघेतून सरकवलेली नळी त्या वळणांवरून जाताना भिंतीला घासते आणि कण सुटतात. ‘आयसीएसएस’ या अभ्यासात काही रुग्णांचा उपचारानंतर एमआरआय केला, तेव्हा स्टेंट घेतलेल्यांपैकी ५० टक्के आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १७ टक्के रुग्णांच्या मेंदूत नवे बारीक ठिपके आढळले. त्यांतल्या बहुतेकांना कोणताही त्रास जाणवला नव्हता, पण कण सुटतात याचा हा स्पष्ट पुरावा आहे.

स्टेंटला झुकते माप द्यावे, असेही रुग्ण आहेत. ज्यांची मान आधीच उघडली गेली आहे, ज्यांचा अडथळा जबड्याच्या वर, सर्जनच्या हाताला न लागणाऱ्या ठिकाणी आहे, ज्यांचे हृदय किंवा फुफ्फुस भूल सहन करणार नाही, आणि ज्यांच्या मानेला रेडिएशन मिळाले आहे, ते या गटात येतात. शेवटचा गट आपल्याकडे लहान नाही. तंबाखू, मशेरी आणि गुटख्यामुळे तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग झालेले, परळच्या टाटा रुग्णालयात रेडिएशन घेऊन बरे झालेले किती तरी लोक आज या शहरात आहेत. रेडिएशनमुळे धमनी काही वर्षांनी आतून अरुंद होऊ शकते आणि तिथली त्वचा शस्त्रक्रियेनंतर नीट भरून येत नाही. अशा व्यक्तीला हात लुळा पडण्यासारखे लक्षण दिसले, तर जुन्या रेडिएशनची फाइल घेऊनच न्यूरॉलॉजिस्टकडे जावे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न साधे आहेत. ‘तुम्ही वर्षाला अशा किती केसेस करता? त्यांपैकी किती जणांना ३० दिवसांत झटका आला किंवा मृत्यू आला?’ लक्षण असलेल्या रुग्णांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आत आणि लक्षण नसलेल्यांत ३ टक्क्यांच्या आत असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. हा प्रश्न उद्धटपणाचा मुळीच नाही. चांगला डॉक्टर त्याचे उत्तर शांतपणे देतो, आणि ज्या ठिकाणी एकच उपचार होतो तिथे दुसऱ्या उपचाराबद्दल व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनचे मत घ्यायला स्वतःहून सुचवतो.

तिसरी पायरी : आधीच्या आठवड्याची तयारी

स्टेंट ही धातूची जाळी असते आणि रक्ताला ती परकी वाटते. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या काही दिवस आधीपासून सुरू करतात. वेळ नसेल तर क्लोपिडोग्रेलचा मोठा डोस एकदम देतात. या दोन गोळ्यांपैकी एक जरी चुकली असेल तर ते लपवू नये. ‘काल रात्रीची राहिली’ असे सकाळी सांगितले तर उपाय करता येतो. टेबलावर गुठळी दिसल्यानंतर सांगण्यात अर्थ उरत नाही.

आपल्याकडे ॲसिडिटीची गोळी चण्याफुटाण्यासारखी खाल्ली जाते आणि ती औषधांच्या यादीत कोणी सांगत नाही. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल या गोळ्या क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतात. पोटाच्या संरक्षणासाठी गोळी लागणारच असेल तर डॉक्टर सहसा पँटोप्राझोल देतात. त्यातच क्लोपिडोग्रेल शरीरात कार्यक्षम करणारे एन्झाइम आनुवंशिकतेने कमजोर असण्याचे प्रमाण दक्षिण आशियाई लोकांत बरेच आहे. आधी स्टेंटमध्ये गुठळी झाली असेल किंवा गोळी चालू असतानाही झटका आला असेल, तर पर्यायी गोळीबद्दल विचारावे. घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक चूर्णे आणि गुडघ्यांसाठीच्या वेदनाशामक गोळ्यांसकट, एका पिशवीत भरून घेऊन जाणे हा माझ्या मते यादी करण्यापेक्षा खात्रीचा मार्ग आहे.

धमनी पडद्यावर दिसावी म्हणून या उपचारात वापरले जाणारे कॉन्ट्रास्ट औषध मूत्रपिंडांतून बाहेर पडते, त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासलेले असावे. मूत्रपिंड कमजोर असेल तर आधी आणि नंतर सलाइन देतात, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन थांबवायची का, ते ठरवतात. आधीच्या सीटी स्कॅनच्या वेळी अंगावर पित्त उठले होते का, हेही सांगावे.

खर्चाच्या अंदाजपत्रकात स्टेंट आणि सुटलेले कण पकडून मेंदूचे संरक्षण करणारा फिल्टर वेगवेगळे लिहून मागावेत. पैसे वाचवण्यासाठी फिल्टर वगळण्याची विनंती कधीही करू नये. मेडिक्लेम असेल तर कॅशलेसची मंजुरी आधी घ्यावी, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपली केस बसते का, हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. तारीख पावसाळ्यातली असेल तर आदल्या संध्याकाळीच दाखल होण्याची परवानगी मागावी. हिंदमाताला पाणी भरले की परळची रुग्णालये डोळ्यांसमोर असूनही गाठता येत नाहीत.

चौथी पायरी : टेबलावर काय होते, ते समजून घ्या

रुग्णाला बहुधा पूर्ण भूल देत नाहीत. जांघेत किंवा मनगटात फक्त ती जागा बधिर करून नळी घालतात आणि ती महाधमनीतून मानेपर्यंत नेतात. अडथळ्याच्या पलीकडे छत्रीसारखा बारीक फिल्टर उघडतात, लहान फुग्याने वाट मोकळी करतात, निटिनॉल या मिश्रधातूची स्वतःहून उलगडणारी जाळी बसवतात, पुन्हा फुगा फुगवतात आणि कण पकडलेला फिल्टर मिटवून बाहेर काढतात. काही वेळा फिल्टरऐवजी धमनीतला प्रवाह तात्पुरता थांबवण्याची पद्धत वापरतात.

अडथळा उजवीकडच्या कॅरोटिडमध्ये असेल तर आम्ही रुग्णाच्या डाव्या हातात रबराचे वाजणारे खेळणे देतो, लहान मुलांचे पिवळे बदक असते ना, तसेच. फुगा फुगवून झाला की डॉक्टर म्हणतात, ‘काका, दाबा.’ चादरीखालून बदक वाजले की खोलीतल्या सगळ्यांचा श्वास मोकळा होतो. ते वाजले नाही तर मशिनवर काहीही दिसण्याआधी कळते की मेंदूच्या त्या भागाला रक्त मिळत नाही, आणि गुठळी शोधण्याचे काम त्याच क्षणी सुरू होते. रुग्णाला हे आदल्या दिवशी सांगून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी तो गोंधळत नाही.

फुगा फुगतो तेव्हा मानेत ओढ लागते आणि नाडी एकदम मंदावते. याच जागी रक्तदाब मोजणारी शरीराची स्वतःची यंत्रणा असते आणि ताण पडताच ती हृदयाला ‘हळू’ असा निरोप पाठवते. खोकायला सांगितले तर जोरात खोकावे. नाडी वाढवणारे ॲट्रोपिनचे इंजेक्शन तयार असतेच. बहुतेकांची नाडी मिनिटभरात पूर्ववत होते, काहींचा रक्तदाब मात्र एक-दोन दिवस खाली राहतो.

पाचवी पायरी : पहिले ४८ तास

सगळ्यात जास्त लक्ष येथे हवे. धमनी उघडली तरी जोखीम संपत नाही, कारण जाळीच्या छिद्रांतून थराचे कण नंतरही निसटू शकतात आणि काही झटके टेबलावर न येता त्याच रात्री किंवा पुढच्या काही दिवसांत येतात.

आमच्या विभागात कुडाळकडचे एक आजोबा होते. स्टेंट व्यवस्थित बसला होता, हातपाय चालत होते. रात्रपाळीला असलेली केरळची सिस्टर त्यांच्याशी हिंदीत बोलत होती आणि तेही ‘हां, ठीक है’ म्हणत होते. भेटायच्या वेळी आजी आत आल्या, दोन मिनिटे बोलल्या आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, ‘सिस्टर, ह्येंचा बोलणा असा नाय.’ आजोबा नातवाचे नाव घ्यायला गेले की दुसराच शब्द येत होता. तातडीने स्कॅन झाला, लहानसा झटका निघाला आणि वेळेत उपचार झाल्यामुळे त्यांचे बोलणे बरेचसे परत आले. तेव्हापासून मी प्रत्येक नातेवाइकाला सांगते की, आत जाल तेव्हा ‘कसे वाटते?’ एवढेच विचारून परत येऊ नका. घरच्या भाषेत सविस्तर बोला, नावे विचारा, दोन्ही हात वर धरायला लावा, हसायला लावा. शंका आली तर ताबडतोब सांगा. ती खोटी ठरली तर कोणीही रागावणार नाही.

दुसरा धोका उलट्या दिशेचा आहे. अनेक वर्षे कमी रक्तावर जगलेल्या मेंदूत एकदम भरपूर रक्त आले की तिथल्या नाजूक वाहिन्यांना तो दाब सोसत नाही. याला हायपरपर्फ्यूजन सिंड्रोम म्हणतात. त्याच बाजूचे तीव्र डोके दुखणे, उलटी, फिट येणे आणि सर्वांत वाईट म्हणजे मेंदूत रक्तस्राव, असा त्याचा क्रम असू शकतो. हे साधारण शंभरात एखाद्याला होते, पण ९० टक्क्यांवरचा अडथळा, दुसऱ्या बाजूची धमनीही बंद, नुकताच झालेला झटका आणि ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर शक्यता वाढते. म्हणून स्टेंटनंतरच्या डोकेदुखीला कोणी ‘जागरणाने झाले असेल’ म्हणू नये आणि पर्समधली गोळीही देऊ नये. रक्तदाब मोजून डॉक्टरांना कळवावे. रक्तदाब १४०/९० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो आणि जोखमीच्या रुग्णांत त्याहूनही खाली.

जांघेतून नळी घातली असेल तर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. तिथे गाठ फुगत असेल, ओल लागत असेल किंवा पाय गार पडत असेल तर सांगावे. बाहेर काहीच दिसत नसताना कंबरेत किंवा कुशीत दुखणे, घाम येणे आणि रक्तदाब घसरणे हे पोटामागे आतल्या आत रक्तस्राव होत असल्याचे चिन्ह असू शकते.

सहावी पायरी : घरचा पहिला महिना

रक्तदाबाचे मशीन घरी असावे आणि सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहावेत. किती वर गेला तर फोन करायचा आणि किती खाली आला तर रक्तदाबाची गोळी रोखायची, हे दोन आकडे डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांच्या हातून लिहून घ्यावेत. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाणी कमी प्यायले आणि रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या तशाच चालू राहिल्या तर उठताना अंधारी येऊन पडण्याचा धोका असतो.

दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किमान चार आठवडे, बहुतेकदा एक ते तीन महिने चालतात आणि त्यानंतर एक गोळी कायमची राहते. दाढ काढायची असेल, डोळ्याचे ऑपरेशन ठरले असेल किंवा हिरड्यांतून थोडे रक्त आले, तरी स्टेंट घातलेल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी थांबवू नये. शौच काळे होणे किंवा उलटीत रक्त दिसणे याची गोष्ट वेगळी, त्यासाठी लगेच रुग्णालयात जावे. गणपतीला कोकणात जाण्याचा बेत पहिल्या महिन्यात येत असेल तर माझे स्पष्ट मत आहे की यंदा घरच्यांनी जावे आणि रुग्णाने मुंबईतच राहावे, कारण रात्री डोके दुखू लागले तर वाडीवरून स्कॅनपर्यंत पोहोचायला लागणारे तास परत मिळत नाहीत.

जांघेच्या जखमेसाठी आठवडाभर पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर उचलू नये, उकिडवे बसू नये आणि शक्य असेल तर कमोड वापरावा. गर्दीच्या वेळची लोकल टाळावी. केशकर्तनालयात दाढीनंतर मान दाबून ‘कट्’ असा आवाज काढून घेण्याची सवय कायमची सोडावी. मानेला असा झटका दिल्याने निरोगी माणसाच्याही धमनीचे अस्तर फाटू शकते.

तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, एका डोळ्याने दिसेनासे होणे, फिट येणे किंवा असह्य डोकेदुखी यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करावा. कॉलनीतल्या डॉक्टरांकडे आधी जाऊ नये, जिभेखाली सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर ठेवतात ती गोळी) ठेवू नये, पाणी पाजू नये. शेवटचे व्यवस्थित केव्हा पाहिले होते, ती वेळ लिहून ठेवावी, कारण पुढचा उपचार तिच्यावर ठरतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांत देता येते (दोन गोळ्या चालू आहेत हे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे), आणि नळीने गुठळी ओढून काढणे निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही शक्य असते. आपल्या घराजवळ चोवीस तास सीटी स्कॅन आणि ही सोय असलेले रुग्णालय कोणते, हे डिस्चार्जच्या दिवशीच विचारून त्याचा नंबर फ्रिजवर चिकटवावा. बोरिवलीच्या माणसाने मध्यरात्री स्टेंट घातलेले दक्षिण मुंबईतले रुग्णालय गाठण्याचा हट्ट धरू नये.

सातवी पायरी : पुढची वर्षे

डॉप्लर साधारण पहिल्या महिन्यात, सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी होतो. जाळीमुळे धमनी ताठ होते आणि रक्ताचा वेग तसाही जास्त दिसतो, त्यामुळे नव्या ठिकाणी केलेल्या डॉप्लरवर ‘पुन्हा ब्लॉकेज’ असा शेरा आला तर घाबरण्याआधी तो पहिल्या महिन्याच्या रिपोर्टशी ताडून पाहावा. ‘क्रेस्ट’मध्ये दोन वर्षांत सुमारे ६ टक्के रुग्णांत धमनी पुन्हा अरुंद झाली आणि हे प्रमाण शस्त्रक्रियेत जवळपास तेवढेच होते. दुसऱ्या बाजूची धमनीही त्याच भेटीत तपासून घ्यावी. स्टॅटिनची गोळी कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’ आले म्हणून बंद करू नये. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली ठेवणे हे तिचे काम आहे. मशेरी हा तंबाखूच आहे, हे घरातल्या आजींनाही समजावून सांगावे लागते.

रुग्णालयातून मिळालेल्या स्टेंट कार्डावर जाळीचे नाव, माप आणि तारीख असते. आजच्या निटिनॉल स्टेंटसह एमआरआय साधारणपणे करता येतो, पण तंत्रज्ञ हे कार्ड मागतोच. त्याचा फोटो घरातल्या दोन माणसांच्या मोबाइलमध्ये असावा आणि मूळ कार्ड लॅमिनेट करून रुग्णाच्या पाकिटात, लोकलच्या पासाशेजारी ठेवावे.